दोघांपुरती गाडी

बाभळीखाली दोन गाड्या उभ्या होत्या आणि घरातल्या प्रत्येकानं आपापली गाडी मनातल्या मनात कधीच निवडून टाकली होती. तोंडानं मात्र सगळे एकच म्हणत होते, "आधी वढ बघू, मंग ठरवू."

धुरपताबाई बांधावर घोंगडी टाकून बसल्या होत्या. कालव्याला नुकतंच पाणी सुटलं होतं. खालच्या पट्टीत ते पसरून काळ्या रानाचा असा चिकट राडा झाला होता, की त्यात पाय घातला तर चप्पल तिथंच सोडून यावी लागली असती. त्यांच्या नवऱ्यानं, आश्रुबांनी, मुद्दाम हीच जागा निवडली होती. डांबरी रस्त्यावर काय, कुणीही ओढतं, असं त्यांचं म्हणणं.

आणि त्या राड्याच्या मधोमध चाळणी उभी होती. झरी गावात 'चाळणीवाले' म्हटलं की दुसरं घर कुणाच्या डोळ्यांपुढं येत नाही. बियाण्याचा हरभरा, गहू, ज्वारी चाळून खडा, काडी, फोल वेगळं करणारं हे लोखंडी यंत्र. स्वतःचं इंजन पोटात घेऊन दोन चाकांवर बसलेलं. सुरू केलं की धान्याला नुसतं नाचवतं, पण जागचं हलायचं म्हटलं की त्याला कुणीतरी ओढूनच न्यावं लागतं. धुरपताबाईंना ते कधीकधी घरातल्या पुरुषांसारखं वाटायचं, पण हे त्या फक्त सुनेजवळ बोलल्या होत्या.

दरसाल दसरा झाला की चाळणीचा फेरा निघायचा. झरीहून निघून गावोगाव मुक्काम करत गंगाखेडच्या पलीकडं, पार पालमच्या शिवारापर्यंत. रब्बीची पेरणी उरकायच्या आत घरी. सासऱ्यांच्या काळात चाळणी हातानं फिरवायची होती आणि ती बैल ओढायचे. मग आश्रुबांनी जीप घेतली. ती पुढची कितीतरी वर्षं चालली, आणि गेल्या साली परतताना गंगाखेडच्या अलीकडं भर रस्त्यात तिनं मान टाकली. चाळणी तशीच ट्रॅक्टरला टोचन करून घरी आणावी लागली. ट्रॅक्टर ओढायला तगडा, पण रस्त्याला लागला की मुंगीच्या चालीनं चालतो आणि डिझेल पाण्यासारखं पितो. त्यात ट्रॅक्टर फेऱ्याला गेला तर घरचं रान कुणी करायचं?

म्हणून हा आजचा दिवस. परभणीहून जुन्या गाड्यांचे दलाल दिनकरराव दोन गाड्या घेऊन आले होते. दोन्ही डिझेलच्या, दोन्हींची चारी चाकं ओढणारी. एक काळी, सगळीकडून बंद, रुंद छातीची, आत ऐसपैस दोन ओळी. दुसरी पांढरी, पुढं लहानसं डोकं आणि मागं उघडा हौदा.

"काळी घ्या, आबा," धाकटा मुलगा बन्सीधर सकाळपासून दहा वेळा म्हणाला होता. तो परभणीत शाळेवर मास्तर. गाड्या बघायच्या म्हणून रजा टाकून आला होता. "चाळणी वर्षातून एकदा ओढायची. बाकी वेळ घरच्यांना बसायला नको का गाडी?"

"घरच्यांना म्हंजे तुला," थोरला महारुद्र म्हणाला. "पोरंबाळं घिऊन औंढ्याला जाया. डिझेल कोन टाकनार? ही काळी माल जोडला की किती पिती, इचार दिनकररावांना."

दिनकरराव दोन्ही गाड्यांचे दलाल, त्यामुळं त्यांची जीभ मोठी सरळ चालली होती. "पिती थोडी जास्त. अंगानं जड हाय ना. पर बसायचा आराम बगा की!"

"आन पांढरी?"

"पांढरी अॅव्हरेजला पक्की. रोडवर मागची दोन चाकं चालवा, रानात शिरलं की हा दुसरा लिवर टाका, चारी चाकं धरत्यात. माल मागं हौद्यात, फुडं दोघं बसा."

हे ऐकलं तेव्हाच धुरपताबाईंनी पांढरीच्या उघड्या दारातून आत पाहिलं होतं. दोनच बैठका, आणि मधल्या जागेत दोन दांडे. तिसरं माणूस कुठं दाबून बसवावं तर तेवढीही जागा नाही. जीपमध्ये कसं, पुढं तिघं दाटीवाटीनं बसायचे. हाकणारा, आश्रुबा आणि दाराशी त्या. मागच्या बाकांवर पोती, भांडी, अंथरुणं. फेऱ्यात त्या दरसाल असायच्या. सगळा स्वयंपाक त्यांच्याच अंगावर असायचा, हे खरं. पण फेऱ्याचा शेवटचा मुक्काम पालमजवळ त्यांच्या माहेरी पडायचा, हे त्याहून खरं. तिथं त्यांची धाकटी बहीण केवळा होती. केवळाला गावातच दिलेली, नवरा कधीच गेलेला, आणि अलीकडं कानानं इतकी जड झालेली की फोन लावून उपयोग नाही. तिकडून नुसतं "कोन हाय? कोन हाय?" ऐकू यायचं आणि मग फोन बंद. धुरपताबाईंचे गुडघे एसटीच्या पायऱ्या मानत नव्हते. वर्षातून एकदा चाळणी जायची, तेव्हाच दोघी बहिणी भेटायच्या.

म्हणून त्यांनी मनातून काळी निवडली होती. आश्रुबांनीही. ते त्यांनी सांगितलं नव्हतं, पण सकाळी काळीच्या नाकाडावर त्यांनी दोनदा थाप मारली होती आणि म्हणाले होते, "छाती बग कशी हाय. वढील." सत्तरी कधीच ओलांडलेला नवरा गाडीत बसायला मिळावं म्हणून छातीचं कौतुक करतोय, हे बायकोला कळणार नाही तर कुणाला कळणार?

महारुद्रला मात्र मुळात फेराच नको होता. सडकेला लागून शेड टाकावं, चाळणी तिथं कायमची बसवावी, लोक येतील आपल्या पायांनी, असं तो दोन साल झाले म्हणत होता. फेऱ्यात त्याला झोप लागायची नाही, पोट बिघडायचं, घरच्या रानाची फिकीर लागून राहायची. "गाडी घ्यायचीच तर डिझेलला सोसंल अशी घिऊ, न्हाईतर शेडच टाकू," असं त्याचं अटीतटीचं बोलणं.

राहिली सविता, महारुद्रची बायको. ती कुणाच्याच बाजूनं बोलली नव्हती. पदर खोचून ती दोन्ही गाड्यांच्या खाली वाकून वाकून मागचे हूक बघत होती.

"चला," आश्रुबा म्हणाले. "चाक बांधा."

दिनकरराव चमकले. "कशाचं चाक?"

आता हे दलालाला कोण सांगणार? या घरात बैल घ्यायचा तर दात-खूर बघायचे, शिंगं बघायची, पण शेवटचा निकाल ओढीवर. भरलेली गाडी ओल्या रानात उभी करायची, तिचं एक चाक दोरानं जखडून टाकायचं, म्हणजे ते फिरणार नाही, घासतच येईल. मग बैल जुंपायचे. आणि गाडीत घरचं एक माणूस बसवायचं. हे माणूस बसवणं धुरपताबाईंच्या सासऱ्यांचं. ते म्हणायचे, घरचं माणूस गाडीत असलं म्हणजे हाकणाऱ्याचा हात आवरतो, तो बैलाला बडवत नाही. न बडवता जे निघतं ती खरी ओढ.

लग्नाच्या पहिल्याच साली सासऱ्यांनी धुरपताबाईंना गाडीत बसवलं होतं. हातातला हिरवा चुडाही अजून उतरला नव्हता. बाजाराला आलेलं अख्खं गाव भोवती उभं, आणि त्या पदर नाकापर्यंत ओढून पोत्यावर, लाजेनं नुसत्या भिजून गेलेल्या. समोर लाल कंधारी जोडी. आश्रुबांनी नुसतं "हां, राजा" म्हटलं. बैलांनी माना खाली घातल्या, खांदे फुगले आणि गाडी सरकली. बांधल्या चाकाजवळून चालत आश्रुबांनी वर बघितलं. उजेडात, चारचौघांत, नवऱ्यानं त्यांच्याकडं असं पहिल्यांदाच बघितलं होतं. त्या बैलांची नावं, त्यांची शिंगं, सगळं आठवतं. त्या बघण्याची आठवण आली की अजून कानशिलं गरम होतात, या वयात, बांधावर बसून.

"माय, तू नको," बन्सीधर म्हणाला. "मी बसतो."

"तू बसलास तर हाकनारा कशाला हात आवरून धरंल?" आश्रुबा म्हणाले, आणि सगळे हसले. "धुरपता, चल."

सवितानं स्टूल आणून ठेवलं. एका हाताला सून, दुसऱ्या हाताला बन्सीधर, अशा त्या चाळणीच्या फळीवर चढून वजनासाठी रचलेल्या पोत्यांवर बसल्या. चाळणीचं उजवं चाक आश्रुबांनी स्वतः बांधलं.

"हाकनार कोन?" दिनकररावांनी विचारलं.

"सविता," आश्रुबा म्हणाले. महारुद्रला तापानं घेरलं होतं त्या साली अर्धा फेरा सवितानंच जीप चालवून पुरा केला होता. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, फक्त त्यावर कुणी बोलत नव्हतं. सविताला तर आश्रुबांनी फेऱ्यातच पसंत केली होती. तिच्या गावात चाळणी लागली होती आणि ही पोरगी बापाचा ट्रॅक्टर उलटा घेत घेत चाळणीला असा लावून गेली की आश्रुबा जेवायचं विसरून तिच्या बापाचं घर शोधत निघाले.

पहिली काळी जोडली. सवितानं लिव्हर टाकला, गाडी गुरगुरली आणि एकदम हिसका बसला. धुरपताबाईंनी फळी गच्च धरली. चाळणी निघाली, थांबली, पुन्हा हिसक्यानं निघाली. मागून काळा धूर आला, काहीतरी जळल्याचा वास आला. ओढत होती, नाही असं नाही. पण बांधलं चाक अडलं की गाडीच्या सगळ्या अंगाला कापरं भरायचं आणि ते पोत्यांतून थेट धुरपताबाईंच्या दाढांपर्यंत यायचं. बांधापर्यंत पोचेस्तोवर सविताच्या कपाळावर घाम होता.

"वढली का न्हाई?" दिनकरराव म्हणाले.

"वढली की," बन्सीधर घाईनं म्हणाला.

आश्रुबांनी चाळणी फिरवून पुन्हा राड्यात लावायला सांगितली.

मग पांढरी. हूक अडकला, सवितानं दांडा मागं घेतला, आणि धुरपताबाईंनी पुन्हा फळी धरली. हिसक्याची वाट बघत त्या डोळे मिटून बसल्या. हिसका आलाच नाही. डोळे उघडले तर बाभळ मागं चालली होती. इंजनाचा आवाज चढला नव्हता, चाकं जागेवर फिरत नव्हती. बांधलं चाक चिखलात नांगरासारखा तास पाडत मुकाट्यानं येत होतं. धुरपताबाईंना वाटलं, हेच ते, अगदी हेच, त्या जोडीनं असंच ओढलं होतं. आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, की या गाडीत आपल्याला जागा नाही.

गाडी बांधाशी थांबली. आश्रुबा चालत चाळणीपाशी आले. सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होते, कारण ओढीचा निकाल या घरात त्यांच्याशिवाय कुणी दिलेला नव्हता. पण ते वर बघून बायकोला म्हणाले, "बसलीवतीस तू. तुला काय वाटलं?"

अशी पंचाईत धुरपताबाईंची आयुष्यात कधी झाली नव्हती. नुसतं 'काळी' म्हणायचं होतं. बन्सीधर खूश झाला असता, ह्यांची बैठक राहिली असती, आपली राहिली असती. म्हातारीला ओढीतलं काय कळतं, असं कुणी म्हणालं नसतं. केवळा दारात चाळणीच्या वाटेकडं डोळे लावून बसलेली त्यांना दिसली. पण खाली आश्रुबा उभे होते आणि खरं काय ते त्यांनाही दिसलं होतं. त्यांच्यासमोर ओढीबद्दल खोटं बोलणं धुरपताबाईंना जमेना.

"पांढरी," त्या म्हणाल्या. "पयलीनं माझी हाडं खिळखिळी केली. हिचं मला कळलंच न्हाई, कवा निघाली ते."

आश्रुबांनी क्षणभर नजर चिखलाकडं वळवली. "मलाबी तसंच दिसलं," ते म्हणाले. "मी छातीवर गेलो. चुकलो. पांढरीच घ्या."

"बास!" महारुद्रनं मांडीवर थाप मारली. डिझेलचं त्याचं म्हणणं खरं ठरलं होतं. "मंग ठरलं. दिवाळीच्या आदी निघू. मी आन सविता. सैपाकबी ती बगंल."

"हां, जावा की," आश्रुबा म्हणाले, आणि बांधलेल्या चाकाचा दोर सोडायला वाकले. गाठ चिखलानं घट्ट बसली होती. ती त्यांना सुटेना, तरी त्यांनी कुणाला हाक मारली नाही. पाठमोऱ्या नवऱ्याची ती वाकलेली पाठ धुरपताबाईंना बघवेना. जन्मभर ज्यानं फेरा केला तो माणूस यंदा घरी बसणार होता आणि त्याची कुणालाच दाद नव्हती. पोरं वाईट नव्हती. त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

परक्या माणसासमोर धुरपताबाई कधी घरातल्या गोष्टीत बोलल्या नव्हत्या. आज बोलल्या, आणि त्याही चाळणीवर उंच बसून.

"महारुद्रा, तू कशाला जायलास फेऱ्याला?"

"म्हंजे? कोन जाईल मंग?"

"तुला तितं झोप लागत न्हाई, अन्न पचत न्हाई. रानाची फिकीर करू करू बेजार होतूस. तू घरी ऱ्हा. गहू पेर. शेड टाकायचं तर शेडबी टाक, हितल्या लोकांसाठी. गाडी सविता चालवंल आन शेजारी हे बसतील."

महारुद्रनं आईकडं बघितलं, मग बायकोकडं. त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला, मग तो राग कशाचा तेच त्याला सापडेना. शेवटी हळूच, कुणाला दिसू नये अशा बेतानं, सुटल्यासारखं वाटायला लागलं. पण आईला दिसलंच.

"मला कशाला?" आश्रुबा दोर तसाच टाकून उठले. "पोरीला अवघड वाटंल म्हाताऱ्यासंगं. शेजारी कोन खोकायलाय, कोन तमाखू थुकायलाय..."

"तमाखू थुकायची तर काच खाली करायची, मामा," सविता म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच ती बोलत होती. "आन तुमी न्हाई आलात तर गावात गेल्यावर मी काय सांगू? लोक आदी 'आश्रुबा कुठायत' इचारत्यात आन मंग पोतं उतरवत्यात. मी जीप चालवली त्या साली तुमी पाय दुखतो म्हनून गाडीतच बसलेवते, तर निमी मानसं दाराला येऊन तुमच्यासंगंच बोलत बसली. मला त्यांची नावंबी यायची न्हाईत."

"शिकवीन की नावं," आश्रुबा म्हणाले, आणि बोलून गेल्यावर आपण कबूल झालो हे त्यांच्या लक्षात आलं.

हसण्यात सगळे बुडाले तेव्हा बन्सीधर मात्र चाळणीपाशी आला. "आणि तू, माय?" तो हळू आवाजात म्हणाला. "मावशीकडं कशी जाणार? मी काळी काळी उगाच करत होतो का? आबांची आणि तुझी जागा बघूनच म्हणत होतो."

धुरपताबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. सकाळपासून त्या मनात म्हणत होत्या, मास्तर झाला आणि आपल्यापुरतं बघायला शिकला. त्यांना स्वतःची लाज वाटली. "मंग तसं बोलायचं की रे, बाळा."

"भाऊ म्हणाला असता, तू आईचं नाव पुढं करतोस."

"म्हनलाच असता," धुरपताबाई म्हणाल्या, आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "जाऊ दे. वढ खरी पांढरीचीच हाय."

"मी सुट्टीत नेतो तुला."

"ने की," त्या म्हणाल्या. दर सुट्टीत तो हे म्हणायचा आणि त्याच्या मनात खरंच असायचं.

दोघांनी धरून त्यांना खाली उतरवलं. महारुद्र दिनकररावांना घेऊन बाभळीखाली बोलायला गेला. सवितानं सासऱ्याला पांढरीच्या डाव्या दारानं आत चढवलं आणि काच खाली कशी करायची ते दाखवायला लागली. आश्रुबांनी खिडकीचा दांडा आधी उलटा फिरवला, मग सुलटा. काच खाली गेली तशी त्यांनी कोपर बाहेर ठेवलं, जीपमध्ये ठेवायचे तसं. तोंडावर असं काही आलं, की धुरपताबाईंना बरं वाटलं. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदा फेरा त्यांच्याशिवाय निघणार होता.

"आगं," आश्रुबांनी हाक मारली.

त्या काठीच्या आधारानं दारापाशी गेल्या.

"केवळाला काय निरोप सांगू?"

जन्मात या माणसानं कधी निरोप विचारला नव्हता. आणि सांगायचं तर वर्षभराचं साचलेलं होतं. वरची दाढ काढली ते, सवितानं परसात लावलेली अंजिरं धरली ते, एकदा पहाटे स्वप्नात आई आली होती आणि केवळालाच शोधत होती ते. हे सगळं ह्यांनी केवळाच्या कानाशी, अख्ख्या गावासमोर, ओरडून सांगायचं? धुरपताबाईंनी दाराच्या पत्र्यावर हात ठेवला. इंजनाची ऊब अजून त्यात होती.

"काई सांगू नका," त्या म्हणाल्या. "जरा येळ बसा तिच्यापाशी."